दांडा वजा

सावद्याला रावेर रोडवर माझा केळीचा काटा.
बत्तीस वर्षं घड मोजतोय.
वजन झालं की दांड्याचं वजा धरायचं,
हा इथला रिवाज. कायदा नाही.

गोकुळ सपकाळेला जामीन का राहिलास,
बायकोनं विचारलं, तेव्हा सांगता आलं नाही.
पोरानं केबल कापली होती ती माझ्याच चुलतभावाच्या विहिरीवरची,
तांबं भुसावळला भंगारात घातलं, अठराशे आले.
कोर्टात कबूल झाला. वकिलानं नको म्हटलं तरी.
मॅडम म्हणाल्या, एकोणीस वय, पहिलाच गुन्हा,
आत जाऊन काय शिकेल हा?
दोन वर्षांचं बंधपत्र. चांगली वर्तणूक.
खाली त्याची सही, शेजारी माझी,
काट्याच्या पावतीवर करतो तशीच वाकडी.

दर महिन्याचा पहिला सोमवार जळगावचा.
परिविक्षा अधिकारी विचारायचे, काय चाललंय?
हा म्हणायचा, हमाली.
संपलं बोलणं.
एसटीची तिकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवायचा,
कुणी मागितली नव्हती तरी.
बावीस सोमवार झाले.

मार्गशीर्षात तापीकाठच्या मळ्यात भरीत पार्टी होती.
पऱ्हाट्यांचा जाळ, हिरवी वांगी, कळण्याच्या भाकरी.
गोकुळ बडजीपाशी बसलेला.
मागं कुणीतरी कुणाच्या तरी बहिणीचं नाव काढलं
आणि मग अंधार, शिव्या, पालथं पडलेलं पातेलं,
एकाच्या डोक्याला सात टाके.
मुसळ कुणाच्या हातात होतं
हे सतरा जणांनी सतरा तऱ्हांनी सांगितलं.
फिर्यादीत नावं पाच,
पहिलं गोकुळचं.
ते ठाण्यात आधीपासूनच लिहिलेलं होतं ना,
पान उलटायचाही त्रास नाही.
कलमांचे आकडे बदललेत, हवालदार अजून जुनेच सांगतो;
माणसं मात्र त्याला पाठ आहेत.
पंचनाम्यात लिहिलंय: लाकडी मुसळ एक,
टोकाला वांग्याचा गर वाळलेला.
रक्ताचं काही नाही. मी दोनदा वाचलं.

'भो, मी त नुसता कुटत होतो.'
खरं असेल. नसेलही.
मी तिथं नव्हतो,
आणि जामिनावर सही करताना
मळ्यातल्या अंधाराबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

नव्या गुन्ह्याला वेळ आहे.
तपास, दोषारोप, साक्षी, तारखा,
पोराला मिशा दाट येतील तोवर.
पण जुना गुन्हा झोपेतून उठल्यासारखा उठून बसला.
समन्स आलं. त्याला, आणि मलाही.
अटी मोडल्याचं दिसून येते, हजर राहावे.
दिसून येते.
कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं.

भारंबे वकील म्हणाले, दोनच वाटा.
पहिलीच चूक धरली तर दंड, फार तर पन्नास रुपये,
आणि बंधपत्र पुढं चालू.
नाहीतर केबलची शिक्षा,
तेव्हा दिली नव्हती ती, आता.
मी म्हटलं, मधलं काही?
ते चष्मा पुसत राहिले.

पन्नास रुपयांत आज डझनभर केळी येतात.
दुसऱ्या पारड्यात काय,
ते माझ्या काट्याला मोजता येत नाही.
मला एवढंच कळतं,
अठराशेचं तांबं एकदा तोललं होतं,
त्याची पावती फाडली होती,
तेच पुन्हा काट्यावर ठेवलंय, वांग्याच्या गरासकट,
आणि बावीस सोमवार कुणी वजा धरत नाही.

काल रात्री त्यानं दिल्लीची गाडी भरली.
पहाटे चारपर्यंत, एक घड आपटला नाही.
सकाळी रावेरच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसला,
अंगाला केळीच्या चिकाचा वास, मांडीवर डबा.
कोर्टाच्या दारात शिपायानं अडवलं,
यात काय आहे?
'सोमवार,' गोकुळ म्हणाला.

शिपायाला ते कळलं नाही. डबा बाहेर ठेवायला लावला.
माझ्या खिशात पन्नासची नोट होती, घडी केलेली,
घामानं जरा ओली.
मी ती सारखी चाचपत होतो.